निकालाच्या आधी कॉल घ्यावा का? हिशोब तपासून द्या

टेरीटॉवेल · रविवार, रात्री 9.12

नमस्कार मंडळी. अक्कलकोट रोड एमआयडीसीत आमचे टेरी टॉवेलचे माग आहेत. शेअर बरीच वर्षं घेतोय, ऑप्शनमध्ये मात्र आजवर तीनदाच हात घातला. दोनदा भाजला, एकदा नशिबानं वाचला.

एका कंपनीचा तिमाही निकाल गुरुवारी बाजार बंद झाल्यावर आहे. नाव मुद्दाम लिहीत नाही, नाहीतर कंपनी चांगली की वाईट यावरच सगळा धागा जाईल आणि माझा प्रश्न राहील बाजूला. शुक्रवारी भाव 1500 वर बंद झाला. लॉट 400 चा, म्हणजे एका सौद्यात 400 शेअर. एक्स्पायरी, म्हणजे ऑप्शनची मुदत संपण्याचा दिवस, निकालानंतर बारा दिवसांनी, महिन्याच्या शेवटच्या मंगळवारी. 1500 चा कॉल, म्हणजे 1500 ला शेअर घ्यायचा हक्क, 44 ला आहे; 1500 चा पुट, म्हणजे 1500 ला विकायचा हक्क, 41 ला.

निकाल चांगला येईल असं मला वाटतं. का वाटतं त्याची कारणं आहेत, पण त्यावर वाद नको. समोर तीन वाटा दिसतात. नुसता कॉल घ्यायचा, 17,600 रुपये. किंवा कॉल-पुट दोन्ही घ्यायचे म्हणजे इकडं पळो की तिकडं, 34,000 रुपये. किंवा काहीच करायचं नाही.

कामगारांचा बोनस वाटून झालाय, सूतवाल्याचं देणंही फिटलंय. हे पैसे बुडाले तर दिवाळी बुडणार नाही. तेव्हा तो उपदेश सोडून बाकी काय ते बोला.

बाळीवेस · रविवार, रात्री 9.20

तिसरी वाट धर. त्यातले दोनशे काढून शेंगाचटणी घे, कडक भाकरी घे आणि गप्प बस बे.

कांदाबाजार · रविवार, रात्री 9.48

मालक, माझी यार्डात आडत आहे, ऑप्शनमधलं मला फार कळत नाही. पण इसार कळतो, आणि हा सगळा इसाराचाच खेळ वाटतो.

नाशिककडं पावसानं कांदा भिजला की उद्या सोलापुरात भाव वाढणार हे यार्डातल्या हमालालाही माहीत असतं. मग आदल्या रात्री बांधावर इसार द्यायला गेलं की शेतकरी काय करतो? दुप्पट मागतो. त्याच्याकडंही मोबाईल आहे की! दुसऱ्या दिवशी भाव वाढतो, तुमचा अंदाज शंभर टक्के बरोबर ठरतो, आणि संध्याकाळी हिशोब केला तर गाडीभाडंही सुटलेलं नसतं. अंदाज चुकला म्हणून नाही, इसारच जास्त दिला म्हणून.

तुमचे 44 रुपये हा साधा इसार आहे की पावसानंतरचा, ते आधी बघा.

टेरीटॉवेल · रविवार, रात्री 10.05

हे बघायचं कसं, तेच तर विचारतोय. मी एवढंच केलं की मागच्या आठ निकालांनंतर दुसऱ्या दिवशी शेअर किती हलला ते काढलं. वर-खाली न बघता नुसते टक्के: 1.2, 3.4, 0.6, 6.8, 2.1, 2.9, 4.4, 0.9. सरासरी 2.8 येते. आणि कॉल-पुट मिळून 85 रुपये, म्हणजे 1500 वर 5.7 टक्के. 2.8 ची वस्तू 5.7 ला विकतायत. मग विकणाराच शहाणा म्हणायचा का?

थीटाकाका · रविवार, रात्री 10.52

आठ निकाल वहीत उतरवलेस हे पाहून बरं वाटलं. इथं विचारणारे बहुतेक जण स्क्रीनशॉट टाकतात आणि ‘घेऊ का’ म्हणतात. पण तुझी तुलना थोडी घसरलीय.

ते 85 रुपये नुसत्या निकालाचे नाहीत. शुक्रवारपासून एक्स्पायरीपर्यंत अठरा दिवस आहेत. निकाल नसता तरी अठरा दिवसांत शेअर काहीतरी हललाच असता आणि त्याचेही पैसे लागलेच असते. हा शेअर एरवी 22 च्या आयव्हीवर फिरतो असं धर. आयव्ही म्हणजे प्रीमियममध्ये (ऑप्शनच्या भावात) बाजारानं धरलेली हालचाल, वर्षाच्या हिशोबानं. 22 च्या आयव्हीनं अठरा दिवसांचे कॉल-पुट साधारण 58 ला पडतात. आज 85 आहेत, म्हणजे आयव्ही 32 च्या आसपास.

आता 85 वजा 58 बरोबर 27 रुपये निकालाचे, असं म्हणशील तर चुकशील. हालचाली अशा सरळ वजा होत नाहीत, त्यांचे वर्ग वजा होतात. 85 चा वर्ग 7225, 58 चा 3364. फरक 3861, त्याचं वर्गमूळ 62. म्हणजे बाजार म्हणतोय की निकालाच्या रात्रीत शेअर सरासरी 62 रुपये, चार टक्क्यांच्या थोडा वर, हलेल. तुझी सरासरी 2.8. महाग आहे हे खरं, पण तुला वाटलं तेवढं नाही. आणि आठच निकालांवर फार उड्या मारू नकोस. त्यातला तो 6.8 एकटा काढला तर सरासरी 2.2 वर येते. सगळा डोलारा एका आकड्यावर उभा आहे.

आता मुख्य गोष्ट. शुक्रवारी सकाळी निकाल कळलेला असेल, आयव्ही 32 वरून परत 22 ला बसेल. तेव्हा तुझ्या 44 च्या कॉलचं काय होतं ते मी गणकयंत्रावर काढलं.

भाव 1500 लाच राहिला तर कॉल 24. भाव एक टक्का वाढून 1515 झाला तर कॉल 33. तीन टक्के वाढून 1545 झाला तर 55.

मधली ओळ परत वाच. निकाल चांगला आला, शेअर वाढला, तू बरोबर ठरलास, आणि लॉटमागं 4,400 रुपये गेले. दोन्ही घेतले असतेस तर तीन टक्क्यांच्या उडीनंतरही कॉल 55 आणि पुट 7-8, मिळून 63. दिलेस 85. कांदाबाजार म्हणतात तो पावसानंतरचा इसार हाच.

पार्कचौक · सोमवार, सकाळी 7.31

मग काका, सरळ विका की! मी चार तिमाह्या झाल्या, निकालाच्या दिवशी तीन वाजता कॉल-पुट दोन्ही विकतो आणि दुसऱ्या दिवशी साडेनऊला बंद करतो. चारही वेळा पैसे. घेणारे रडतात, विकणारा जेवतो.

थीटाकाका · सोमवार, सकाळी 8.15

चारही वेळा जेवलात, आनंद आहे. पाचव्याचं बोलू.

12 एप्रिल 2013. इन्फोसिसचा निकाल आला आणि शेअर एका दिवसात 21 टक्के पडला. तुमच्या 85 रुपयांच्या विक्रीवर हे बसवून बघा. 1500 चे 21 टक्के म्हणजे 315. त्यातून 85 वजा, राहिले 230. गुणिले 400. 92,000 रुपये एका लॉटवर, कमवायला निघालेल्या आठ-दहा हजारांसाठी.

जुनं झालं म्हणाल. मग 2023 घ्या. इन्फोसिसचा निकाल 13 एप्रिलला, गुरुवारी संध्याकाळी आला. 14 एप्रिलला आंबेडकर जयंतीची सुट्टी. मग शनिवार, रविवार. गाइडन्स, म्हणजे वर्षाच्या वाढीचा कंपनीचा अंदाज, 4 ते 7 टक्के आलंय, कमी आलंय, हे गुरुवारी रात्रीच जगाला कळलं. विकून बसलेल्या माणसाला मात्र सोमवारी सव्वानऊपर्यंत काहीही करता येत नव्हतं. चार रात्री! 17 तारखेला शेअर नऊ टक्क्यांहून जास्त पडून बंद झाला, दिवसात तर त्याहून बराच खाली जाऊन आला.

आणि सगळे म्हणतात बँका संथ चालतात. एचडीएफसी बँकेचा निकाल 16 जानेवारी 2024 ला आला. नफा वाढलेला होता. दुसऱ्या दिवशी शेअर आठ टक्के खाली.

विकण्यात पैसा आहे हे मी नाकारत नाही. ज्याच्या खात्यात पाचव्या वेळेची भर आधीच बाजूला काढून ठेवलेली आहे, त्यानं विकावं. टेरीटॉवेलनं नाही. शिवाय मार्जिनच, म्हणजे ब्रोकरकडं ठेवायची अनामतच, लाखाच्या पुढं लागेल.

पार्कचौक · सोमवार, सकाळी 8.40

2013 चा दाखला सगळेच देतात काका. पण मुद्दा घेतला. मी एकच लॉट विकतो.

अण्णा_साखरपेठ · सोमवार, दुपारी 1.10

टेरीटॉवेल अण्णा, कंपनी कुठली ते मला व्यनि (खाजगी निरोप) करा. माझे साडू पुण्यात अशाच एका मोठ्या कंपनीच्या अकाउंट्समध्ये आहेत. तीच असेल तर रात्री फोन करून आतलं विचारतो. नुसतं ‘बरं की वाईट’ एवढंच.

करसल्ला · सोमवार, दुपारी 1.34

अण्णा, तो फोन करू नका. मी मस्करीत सांगत नाहीये.

बाजारावर नजर ठेवणाऱ्या सेबीचे 2015 चे इनसायडर ट्रेडिंगचे नियम आहेत. तिमाही संपली की कंपनीतल्या अशा लोकांसाठी आणि त्यांच्या जवळच्या नातेवाइकांसाठी ट्रेडिंग विंडो बंद होते, म्हणजे त्या कंपनीच्या शेअरचे सौदे करता येत नाहीत; ती निकालानंतर 48 तासांनी उघडते. आणि गुन्हा फक्त सौदा करणाऱ्याचा नसतो. आतली बातमी सांगणंही गुन्हा, ती मिळवणंही. ‘बरं की वाईट एवढंच’ म्हणजेच बातमी. साडूंची नोकरी जाईल ती वेगळीच. तुमची पोस्ट संपादकांनी उडवली तर बरं.

धागाकर्त्यांना माझ्या धंद्यातलं थोडं. ऑप्शनचा नफा-तोटा आयकरात सट्ट्यात धरत नाहीत, तो धंद्याचं उत्पन्न म्हणून येतो. म्हणजे विवरणाचा फॉर्म आयटीआर-3. तोटा झाला तर टॉवेलच्या नफ्यातून वजा मिळतो, उरला तर आठ वर्षं पुढं नेता येतो, पण विवरण मुदतीत भरलं तरच. दरवर्षी कुणीतरी मुदत टळल्यावर येऊन सांगतं, ‘साहेब, थोडं ऑप्शनचंही होतं.’ तोपर्यंत गाडी गेलेली असते.

अण्णा_साखरपेठ · सोमवार, दुपारी 1.50

बापरे. नाही करत फोन. दिवाळीला भेटल्यावरही विचारत नाही.

हुतात्मा_एक्सप्रेस · सोमवार, रात्री 9.05

माझंही ऐकून घ्या. दोन-तीन वर्षांपूर्वीची गोष्ट आहे, शेअरचं आणि ब्रोकरचं नाव सांगत नाही.

निकालाआधी पुट घेतला होता, सात हजारांचा. निकालानंतर शेअर पडायच्या ऐवजी तिथंच बसला. पुट अडीच हजारांवर आला. म्हटलं, आता काय विकायचं, राहू दे, शून्य तर शून्य. एक्स्पायरीच्या दिवशी पुण्याहून येत होतो. दौंडच्या पुढं रेंज नाही. कुर्डुवाडीला मोबाईल उघडला तर बाजार बंद झालेला आणि शेअर माझ्या स्ट्राइकच्या, म्हणजे पुटात ठरलेल्या भावाच्या, सहा रुपये खाली. मी खूश! सहा रुपये मिळाले की.

रात्री मेल आला: शेअर द्या. अख्खा लॉट. कुठले शेअर? माझ्याकडं एकही नव्हता. शेअरच्या ऑप्शनमध्ये ऑक्टोबर 2019 पासून सगळीकडं प्रत्यक्ष देवघेव असते हे मला तेव्हा कळलं. पैशात मिटत नाही. कॉल आत असेल, म्हणजे भाव स्ट्राइकच्या वर असेल, तर पूर्ण पैसे भरून शेअर उचलायचे; पुट आत असेल, म्हणजे भाव खाली असेल, तर शेअर आणून द्यायचे. माझी डिलिव्हरी चुकली, लिलाव लागला, म्हणजे माझ्या खर्चानं दुसऱ्याकडून शेअर आणले. सात हजारांच्या वस्तूवर अठरा हजार गेले.

तुमचा 1500 चा एक लॉट म्हणजे सहा लाखांचा माल आहे हे विसरू नका. शेवटच्या चार दिवसांत ब्रोकर आत असलेल्या ऑप्शनवर टप्प्याटप्प्यानं मार्जिनही वाढवत नेतो. काय करायचं ते करा, पण एक्स्पायरीच्या आठवड्यात पाय ठेवू नका.

बाळीवेस · सोमवार, रात्री 9.11

शून्य झाला असता तर सुखी राहिला असता. सहा रुपयांनी घात केला की बे.

टेरीटॉवेल · सोमवार, रात्री 10.20

हुतात्मा, तुमची पोस्ट बायकोला वाचून दाखवली, चूक झाली.

दोन्ही घेण्याचा विचार सोडला. नुसता कॉलही आता नकोसा वाटतोय. पण वाढेल असं अजून वाटतंय, त्याचं काय करू? शेअरच घ्यावेत तर 34,000 मध्ये बावीस येतात. तीन टक्के वाढले तर हजार रुपये.

थीटाकाका · सोमवार, रात्री 11.02

हजार रुपये वाईट नाहीत, आणि पडला तरी शेअर हातात राहतात, तारीख संपत नाही. तो पर्याय हसण्यावारी नेऊ नकोस.

ऑप्शनच करायचं असेल तर ज्याचा भाव फुगलाय ते नुसतं विकत घेऊ नको, थोडं विकही. 1500 चा कॉल 44 ला घे, त्याच वेळी 1560 चा 21 ला विक. खिशातून गेले 23, म्हणजे 9,200 रुपये. जास्तीत जास्त तेवढेच जातील. वर मिळकत 60 वजा 23, म्हणजे 37 रुपयांवर थांबते, 14,800.

फुगलेला इसार तू देतोयस तसा घेतोयसही. शुक्रवारी हवा गेली की दोन्हीकडची जाते. तोच हिशोब परत करतो: भाव 1500 लाच राहिला तर स्प्रेड, म्हणजे ही घेतल्या-विकल्याची जोडी, 19, म्हणजे 1,600 चा तोटा. 1515 ला 25, आठशेचा नफा. इथं नुसता कॉल 4,400 नं मार खात होता. 1545 ला 37, म्हणजे 5,600. नुसत्या कॉलला तिथं 4,400 मिळत होते, तेही दुप्पट पैसे घालून.

फुकट काहीच नाही. शेअर दहा टक्के उडाला तर नुसता कॉलवाला नाचेल आणि तू 1560 ला दोर बांधल्यासारखा बसशील. ते मान्य असेल तरच कर. विकलेल्या कॉलसाठी मार्जिन लागेल. 1500 चा आधी घे, मग 1560 चा विक, म्हणजे हेज (एकाला दुसऱ्याचा आधार) धरून कमी लागेल. आणि ढीगभर सौदे होणारी निफ्टी नाही ही. लांबच्या स्ट्राइकला घेणारा 17 म्हणतो, विकणारा 24. मार्केट ऑर्डर, म्हणजे मिळेल त्या भावाला, टाकलीस तर तिथंच तीन-चार रुपये गेले. लिमिटच टाक, म्हणजे भाव तू ठरवायचा.

जुळेसोलापूर · मंगळवार, सकाळी 6.58

एवढी गणितं करून शेवटी काय? सेबीनंच सांगितलंय, 2024-25 मध्ये डेरिव्हेटिव्हमध्ये (फ्युचर-ऑप्शनमध्ये) उतरलेल्या व्यक्तींपैकी 91 टक्के तोट्यात गेले, मिळून एक लाख कोटींच्या वर. त्यातले निम्मे असेच वर्गमुळं काढत असतील.

थीटाकाका · मंगळवार, सकाळी 7.20

वर्गमूळ काढणारे निम्मे असते तर मला बोलायला माणसं मिळाली असती.

आकडा खरा आहे, वादच नाही. त्यात खर्चाचाही वाटा आहे. ऑप्शन विकताना लागणारा एसटीटी, म्हणजे सौद्यावरचा कर, 1 ऑक्टोबर 2024 ला प्रीमियमच्या 0.0625 वरून 0.1 टक्का झाला, वर दलाली, जीएसटी. रोज दहा सौदे करणाऱ्याला हेच खातं. तिमाहीत एक करणाऱ्याचं दुखणं वेगळं: तो एकाच सौद्यात सगळं घालतो.

टेरीटॉवेल · बुधवार, दुपारी 3.50

घेतला. भाव 1496 होता. 1500 चा कॉल 41 ला, 1560 चा विकला 19 ला. निव्वळ 22, म्हणजे 8,800. 1560 ची ऑर्डर पंचवीस मिनिटं लटकली होती. तेवढ्यात कारखान्यात दोनदा लाईट गेली आणि मी मागाकडं बघू की मोबाईलकडं असं झालं. एकच लॉट. शुक्रवारी बाहेर, काहीही होवो.

टेरीटॉवेल · शुक्रवार, दुपारी 12.30

निकाल चांगला आला. नफा अपेक्षेपेक्षा जास्त, पुढचा अंदाजही वाढवला. म्हणजे माझं वाटणं बरोबर होतं.

सव्वानऊला शेअर 1541 वर उघडला. मी मनात 35 रुपये मोजून ठेवले होते. स्क्रीनवर बघतो तर 1500 च्या कॉलला घेणारा 47 म्हणतोय आणि 1560 चा विकणारा 24 मागतोय. म्हणजे हातात 23! शेअर 45 रुपये वाढून मला एक रुपया. घाम फुटला. त्यात एक गाढवपणा केला: आधी घेतलेला कॉल विकायला टाकला. ऑर्डर परत आली, मार्जिन कमी आहे म्हणून. मग डोक्यात प्रकाश पडला की तो विकला तर 1560 चा उघडा पडतो. आधी विकलेला परत घ्यायचा, मग आपला विकायचा. या भानगडीत शेअर खाली यायला लागला. पावणेदहाला 1530, दहाला 1525.

दहा वाजून दहा मिनिटांनी भाव 1522 असताना सुटलो. 1560 चा 10 ला परत घेतला, 1500 चा 37 ला विकला. 27 आले, 22 दिले होते. पाच रुपये गुणिले 400, दोन हजार. खर्च दीडशेच्या आत.

आता गंमत बघा. नुसता कॉल घेतला असता तर 41 ला घेऊन 37 ला विकला असता. निकाल चांगला, शेअर पावणेदोन टक्के वर, आणि 1,600 चा तोटा.

पार्कचौक · शुक्रवार, दुपारी 12.41

मी विकले होते दोन्ही. उघडल्या उघडल्या हात-पाय गार पडले, पण दहानंतर सावरलं. पाचव्यांदाही पैसे. काकांना सांगा.

थीटाकाका · शुक्रवार, दुपारी 1.15

पोचलं. सहाव्याला भेटू.

टेरीटॉवेल, पहिल्या पंधरा मिनिटांत विकणारे मुद्दाम लांबून भाव टाकतात, घाईतलं गिऱ्हाईक गाठायला. ते 23 खरे नव्हतेच. साडेनऊपर्यंत मागाकडंच बघत बसायचं होतं.

कांदाबाजार · शुक्रवार, दुपारी 2.02

म्हणजे तुम्ही शेतकऱ्याला इसार दिला आणि त्याच रात्री पुढच्या व्यापाऱ्याकडून थोडा घेतलाही. हे आम्ही यार्डात करतो की मालक, फक्त त्याला स्प्रेड म्हणत नाही.

बाळीवेस · शुक्रवार, दुपारी 2.10

अठराशे सुटले? शेंगाचटणी दोन किलो. पत्ता कळव, येतो.